बोटभर उंची

पोरगी पुन्हा त्या फाटकातून तशीच बाहेर आली तर? या एका विचारानं मंजुषाचा पिच्छा पुरवला होता. भाकर थापताना तो यायचा, शिलाई मशीनवर कुणाचं ब्लाउज शिवताना यायचा, आणि संध्याकाळची पॅसेंजर जऊळक्याच्या स्टेशनात थांबली की हमखास यायचा. मागच्या वर्षी मायलेकी त्याच गाडीनं परत आल्या होत्या. खिडकीशी बसून संस्कृतीनं सगळ्या प्रवासात एक शब्द काढला नव्हता.

पोलीस भरतीचं मैदान होतं. उजाडायच्या आतच फाटकाबाहेर पोरींची रांग लागली होती आणि रस्त्याच्या कडेला त्यांच्या आया पिशव्या सांभाळत बसल्या होत्या. मंजुषाच्या पिशवीत केळी, गूळ-शेंगदाणे आणि पायात गोळा आला तर चोळायला तेल होतं. दुपार होईल असं धरून तिनं सावलीची जागा शोधायला सुरुवात केली, तोच संस्कृती बाहेर आली. छातीवरचा नंबर तिनं हातात चुरगाळला होता.

"काय झालं व?"

"उंची."

"किती कमी भरली?"

संस्कृतीनं एक बोट आडवं धरून दाखवलं. बोटाची जाडी, बस. मग पिशवी खांद्याला लावली आणि चालायला लागली. चालता चालता, पाठ करूनच म्हणाली, "पळू बी नाही दिलं मले. बाजूले हो म्हणे."

ज्याला ती पळताना ठाऊक आहे, त्यालाच हे काय होतं ते कळेल. संस्कृती शाळेत प्रार्थनेच्या रांगेत कायम सगळ्यात पुढे उभी असायची, कारण सगळ्यात बुटकी तीच. पण शिट्टी वाजली की लांब टांगांच्या पोरी मागे राहायच्या आणि ही रिबिनी उडवत पुढे. लहानपणी वावरात बापाचा डबा पोचवायची, तो पळतच. वरण सांडायचं, भागवत डबा उघडून म्हणायचा, "आज बी अर्धं वरण रस्त्यानं जेवलं." तालुक्याच्या स्पर्धेत पहिली आली तेव्हा तिला जी ढाल मिळाली, ती अजून टीव्हीवर उभी आहे. बारावी सायन्स तिनं केलं ते आईच्या शब्दाखातर. मंजुषानं वाशिमच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं होतं, पण निकालाआधी लग्न झालं आणि ते सर्टिफिकेट ट्रंकेत गेलं. लेकीचं तरी कामाला यावं असं तिला वाटे. लेकीला मात्र वर्दीच दिसत होती.

त्या मैदानानंतर दोन आठवडे संस्कृती पळायला गेली नाही. मग एके दिवशी मोबाइलवर तिला कुणा ट्रेनरचा व्हिडिओ सापडला. दांडीला लोंबकळलं की मणके मोकळे होतात, माणूस उंच होतो. तिनं लगेच दांडी मागवली. लांबट खोक्यातून ती आली. दोन टोकांना रबर, मधून पिळली की दाराच्या दोन बाजूंत घट्ट बसायची. माजघर आणि सयपाकघर यांच्यामधल्या सागवानी चौकटीत संस्कृतीनं ती पिळून पिळून बसवली, हाताला थुंकी लावली, उडी मारली आणि दांडीसकट खाली आली.

बाजेवर बसलेले तिचे आबाजी, म्हणजे मंजुषाचे सासरे पुंजाजी, पोट धरून हसले. "उंची वाढाची त वाढन, पन आंधी कंबर मोडन."

"चौकटच वाकडी हाय तुमची, आबाजी."

"चौकट सरळ हाय. मी ओळंब्यानं लावली. तुही दांडी शहरातली हाय, तिले सागवान ओळखू येत नाही."

भागवतनं मग बोअरच्या पाइपाचा उरलेला तुकडा तालुक्याच्या मालेगावला नेला, वेल्डरकडून दोन्ही टोकांना पट्ट्या लावून आणल्या आणि त्या चौकटीला स्क्रूनं आवळल्या. आता दांडी हत्तीच्या वजनालाही हलली नसती. शेजारची रुपाबाई उसनं पीठ न्यायला आली, ती तिथंच थबकली.

"काय व मंजुषा, पडदा लावून राह्यली का?"

"नाही बाई. संस्कृती लटकते त्याले."

"कायले?"

"उंची वाढाले."

रुपाबाईनं दांडीकडे पाहिलं, मग गल्लीकडे. "मंग आमच्या बुढ्याले बी आणते उद्या. लयच वाकला तो."

हसण्यावारी नेलं सगळ्यांनी, पण घर हळूहळू त्या दांडीभोवती फिरायला लागलं. सकाळी सयपाकघरात जायचं तर लटकलेल्या पोरीच्या पायांना वळसा घालून. पोरगी उशीशिवाय झोपायला लागली. डोक्यावर पाण्याची घागर घेतली की मणके दबतात असं ट्रेनरनं सांगितलं होतं, म्हणून नळ गेला की हापशीवरून पाणी मंजुषा आणायची. आधी संस्कृतीला नुसतं लोंबकळता येई, मग हनुवटी दांडीपर्यंत जायला लागली. तळहातांना घट्टे पडले. रात्री जेवताना भाकरीचा तुकडा मोडला की ती क्षणभर थांबायची, हात दुखल्याचं चेहऱ्यावर येऊ न देता.

मंजुषानं एकदाच तोंड उघडलं. "संस्कृती, मी शिकली हाय हे. अठरा-वीसच्या पुढं पोरींची हाडं वाढत नाहीत. टोकं जुळून जातात त्यांची."

"हाडं कोण म्हणून राह्यलं, आई? मणके म्हणून राह्यली मी. मणक्याच्या मधल्या गाद्या."

"त्या गाद्या संध्याकाळपर्यंत पुन्हा दबतात."

"बोटभर त पायजे मले. बोटभर तरी राहतीन का नाही?"

त्या "राहतीन का नाही" मध्ये असं काही होतं, की मंजुषाची बी.एस्सी. घशातच राहिली.

पुंजाजींची एक रीत होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर पुजून झाली, की ते घरातल्या लेकरांना त्या चौकटीला पाठ लावून उभं करायचे आणि डोक्यावर सपाट फळी ठेवून खिळ्यानं रेघ ओढायचे. भागवतच्या रेघा एका बाजूला, संस्कृतीच्या दुसऱ्या. दहावीनंतर संस्कृतीच्या रेघा थांबल्या होत्या. या आखाजीला तीच पुढे आली. "आबाजी, माही रेघ मारा." म्हाताऱ्यानं मारली. मग तिनं आईला ओढलं. "आई, तू बी उभी राय."

"मी काय वाढून राह्यली का आता?"

"वाढते नं," भागवत म्हणाला, "आडवी."

अशी मायलेकींची रेघ एकाच दिवशी, एकाच खिळ्यानं पडली. शिलाईची टेप घरात होती, पण ती कुणी काढली नाही. मैदानावरून आल्यापासून संस्कृतीला त्या आकड्याची दहशत बसली होती. टेप दिसली तरी ती खोलीतून उठून जायची. तिला फक्त रेघ चालायची. आकडा परक्याचा, रेघ घरची.

पाऊस लागल्यावर ती वाशिमला गेली. तिथं भरतीची तयारी करून घेणारी एक अकॅडमी होती, आणि गावाकडच्याच तीन पोरींबरोबर भाड्याची खोली. तिथले सर म्हणत, उंची रोज मोजू नका, मन खचते, मैदानाच्या आधी एकदाच मोजू. संस्कृतीला तेच हवं होतं. त्याच सुमारास, मंजुषानं मागे लागून द्यायला लावलेल्या परीक्षेच्या जोरावर अकोल्याच्या एका कॉलेजात तिला नर्सिंगची सीट लागली. मंजुषानं देवापुढं साखर ठेवली. संस्कृती फोनवर म्हणाली, "पाहू."

भादव्यात महालक्ष्म्यांना ती दोन दिवस घरी आली. येताच तिनं दांडीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. फुलोऱ्याच्या करंज्या, वेण्या, पुऱ्या दोऱ्यात ओवून मंजुषानं दांडीवर टांगून ठेवल्या होत्या, महालक्ष्म्यांच्या डोक्यावर बांधायच्या आधी. "आता मी कुठं लटकू, माय?" म्हणत तिनं एक करंजी तोडायला हात घातला, तो मंजुषानं झटकला. जेवणावळ उठल्यावर संस्कृती चौकटीला पाठ लावून उभी राहिली. टाचा चौकटीला, हनुवटी सरळ, श्वास रोखलेला.

पुंजाजींनी फळी ठेवली, खिळा ओढला. पोरगी वळली. नवी रेघ जुन्या रेघेच्या वर होती. मध्ये बरोबर बोटभर जागा.

"पुन्हा मारा, आबाजी."

पुन्हा मारली. तिथंच पडली. भागवतनं स्वतः फळी धरून पाहिली. तिथंच.

संस्कृती रडली नाही, हसलीही नाही. आखाजीच्या रेघेवर बोट आडवं ठेवून ती कितीतरी वेळ उभी राहिली, जसं काही ते बोट उचललं तर मधली जागा उडून जाईल. भागवत मात्र चप्पल घालून थेट स्टेशनाजवळच्या चहाच्या टपरीवर गेला आणि येईल-जाईल त्याला सांगत बसला. मैदानाच्या दिवशी पोरीला उभ्यानं न्यायचं नाही, हेही त्यानं तिथंच ठरवून टाकलं. झोपून उठल्यावर माणूस उंच असतो, दिवसभर दबत जातो. म्हणून गावातल्या बबनरावाच्या माल वाहायच्या गाडीत मागे गादी टाकायची, पोरीला आडवी निजवून न्यायची आणि फाटकापाशीच उभी करायची. बबनराव म्हणाले, "आजवर म्या त्यात तूर नेली, सोयाबीन नेलं, एक डाव नवरदेव बी नेला. पोलिसीण पहिल्यांदा नेतो."

वाशिमला परत निघताना संस्कृती म्हणाली, "आई, मंग मी नर्सिंग नाही करत."

"हातची सीट कायले सोडतेस? घेऊन ठेव. भरतीचं झालं त सोडून दे."

"दोन दगडांवर पाय ठेवला का पळता येत नाही." मग जरा मऊ होऊन, "तूच म्हणत होतीस नं, वाढत नाही म्हणून? पाह्यलं नं आता डोळ्यानं?"

मंजुषानं डोळ्यानं पाहिलं होतं.

आता घटस्थापना दोन दिवसांवर आली होती. घर धुवून काढायचं म्हणून मंजुषानं सकाळीच साडी खोचली. सयपाकघराचं दार पावसाळाभर छळत होतं. अर्ध्यात येऊन फरशीवर घासायचं आणि अडायचं. शहाबादी फरशीवर त्याचा अर्धगोल ओरखडा उमटला होता. दरवर्षीसारखंच भागवत म्हणाला होता, लाकूड फुगलं, रंधा मारू. दरवर्षीसारखंच दिवाळीनंतर दार आपोआप मोकळं होणार होतं आणि रंधा राहून जाणार होता.

ओल्या फडक्यानं ती चौकट पुसत होती. रेघांपाशी हात हलका केला. संस्कृतीच्या दोन रेघा. बाजूला, खाली, तिची स्वतःची. कमरेला कळ लागली होती, म्हणून पाठ टेकवून ती तिथंच क्षणभर उभी राहिली, आणि सहज, गंमत म्हणून, तळहात डोक्यावर सपाट ठेवून मागे वळली.

हात तिच्या रेघेच्या वर होता. मध्ये बोटभर जागा.

तिला हसूच आलं. या वयात? पोरीला फोन करून सांगायला हवं, दांडीला न लटकताच तुझी आई वाढली. मग हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. तिनं चप्पल काढली होती का? पाय अनवाणीच होते. फळी आणली. पुन्हा उभी राहिली. तेवढीच जागा.

तिनं खाली पाहिलं. फरशी धुतल्याचं पाणी एरवी मोरीकडे धावायचं. आज ते खोलीच्या मधून मागे फिरून पलीकडच्या भिंतीशी साचलं होतं. फरश्यांच्या सांध्यातलं सिमेंट उललं होतं. चौकटीसमोरच्या मधल्या दोन फरश्या गरोदर बाईच्या पोटासारख्या किंचित वर आल्या होत्या.

काळी माती. वैशाखात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि पाऊस पिऊन भादव्यात ती फुगून वर येते. वावरात हे शेंबडं पोरही जाणतं. पुंजाजींनी घर बांधलं तेव्हा भिंतींचा पाया मुरूम लागेपर्यंत खोल नेला होता. भिंती जागच्या हलल्या नव्हत्या, भिंतीतली चौकट हलली नव्हती. फरशी मात्र नुसत्या काळ्या मातीवर टाकलेली. आखाजीला ती खाली बसली होती, महालक्ष्म्यांना वर आली होती. दार लाकूड फुगून अडत नव्हतं. दार अडत होतं कारण जमीन त्याला भेटायला वर येत होती. पोरगी वाढली नव्हती. पोरीच्या पायाखालचं वाढलं होतं.

मंजुषानं मशीनच्या खणातून टेप काढली. टेपेचं टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरलं. फरशीपासून संस्कृतीच्या नव्या रेघेपर्यंत. आकडा वाचला, पुन्हा वाचला. भरतीला लागतो त्यापेक्षा बोटभर कमी, मागच्या वर्षी फाटकाच्या आत संस्कृतीचा भरला होता तेवढाच.

दुपारी भागवत जेवायला आला. तिनं त्याला ताट वाढलं, जेवू दिलं, मग चौकटीशी उभं राहून सगळं दाखवलं. तो वाकून मधल्या फरशीवर तळहात ठेवून बसला, गुराच्या अंगावर हात ठेवावा तसा.

"बबनरावाले सांगितलं मी," तो अखेर म्हणाला. "गादी बी काढून ठेवली."

"नर्सिंगची उद्या शेवटची तारीख हाय."

"मंग?"

"मंग काय, तुमीच सांगा."

भागवतनं मान हलवली. "मी नाही सांगू शकत. आणि तू बी सांगू नको. आत्ता कुठं पोट्टी चार घास खाऊन राह्यली. तू सांगशील त ती म्हणन, आईच्या मनातच नव्हतं. जन्मभर ऐकत बसशील."

"आणि नाही सांगितलं त?"

"मोजणारा बी माणूसच असतो. एखाद्या वेळी..." तो उठून हात धुवायला गेला आणि धुतलेलेच हात पुन्हा धुवत राहिला.

पुंजाजी बाजेवर डोळे मिटून पडले होते. झोपले असावेत असं वाटत होतं. "पाया म्या खोदला," ते छताला सांगावं तसं म्हणाले. "भिंती म्या बांधल्या. पन या मातीले कोण बांधणार हाय, सूनबाई?"

"तुमची चूक नाही, मामाजी."

"चूक नाही त काय हाय मंग? रेघ त म्याच मारली."

भागवत वावरात निघून गेला. मंजुषा भांडी घासायला बसली, भांडी तशीच ठेवून उठली, मशीनवर बसली, दोरा ओवायचा तीनदा प्रयत्न केला. सुईचं भोकच दिसत नव्हतं. पोरीला काय सांगायचं? तुझे घट्टे, तुझे दुखरे खांदे, उशीशिवायच्या तुझ्या रात्री, सगळं खरं होतं, फक्त रेघ खोटी होती? हे कोणत्या तोंडानं? मणके पोरीचे, ओझं पोरीचं, आणि आईच्या हातात एक टेप. टेप घेऊन आई काय करू शकते? मोजू शकते. वाढवू शकत नाही.

ती चौकटीत आली आणि हात वर करून तिनं दांडी धरली. पाय उचलले. सगळा भार खांद्यांवर आला तसे डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि दोन श्वासांतच बोटं सुटली. पोरगी हे रोज करत होती. न बोलता. एका बोटासाठी.

आणि तिथं, दांडीखाली, दुखरे तळहात चोळत उभी असताना तिला फाटकाबाहेर ऐकलेलं ते वाक्य पुन्हा ऐकू आलं. बाजूले हो म्हणे. उंची कमी भरली हे पोरीनं गिळलं असतं. परक्या माणसानं, शंभर पोरींदेखत, पट्टीवरून नजर न उचलता म्हटलेलं ते "बाजूला हो" तिच्या घशात अडकलं होतं. या वेळी तर ती गादीवर निजून, बापाच्या आणि बबनरावाच्या आणि अख्ख्या स्टेशनाच्या भरवशावर तिथं जाणार होती. आणि परत येईल तेव्हा अकोल्याची सीटही कुणा दुसरीची झालेली असेल.

ऐकायचं तर तिला आहेच. आज ऐकायचं की त्या दिवशी, घरच्याकडून ऐकायचं की परक्याकडून, एवढंच मंजुषाच्या हातात उरलं होतं. ते काही फार नव्हतं. पोरगी चिडेल, फोन आपटेल, महिनाभर बोलणार नाही. कदाचित ऐकूनही उद्या अकोल्याला जाणार नाही. तेही तिच्याच मर्जीवर.

संध्याकाळची पॅसेंजर स्टेशनात शिरल्याचा भोंगा झाला. या वेळी अकॅडमीतल्या पोरी मैदानावरून खोलीवर येतात, बूट काढतात, चहा ठेवतात. मंजुषा फरशीच्या त्या फुगलेल्या जागेवर जाऊन उभी राहिली. पहिलं वाक्य काय असावं, हे तिला अजूनही सुचलं नव्हतं. दाराची चौकट दाखवावी की आधी जेवलीस का विचारावं? ओल्या पदराला तिनं बोटं पुसली, मोबाइल उचलला आणि संस्कृतीचं नाव दाबलं.